हिस्टॉरिकल क्रायसिस कमिटीची तयारी कशी करायची (पानिपत १७६० उदाहरण धरून)

ज्यांना एमयूएनमध्ये (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेसारखी विद्यार्थ्यांची स्पर्धा) पहिल्यांदाच हिस्टॉरिकल क्रायसिस कमिटी मिळालीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी चार वर्षं डेलिगेट म्हणून खेळलो आणि नंतर दोनदा बॅकरूममध्ये बसलो, दोन्हीकडून बघितल्यावर एक गोष्ट पक्की झाली की पोरं तयारी भरपूर करतात पण उलट्या बाजूने करतात. युद्ध कसं संपलं, कोण मेलं, कोणाची चूक झाली हे सगळं तोंडपाठ करून येतात, आणि पहिला क्रायसिस अपडेट वाचला गेला की कागदावर काय लिहायचं तेच सुचत नाही. कारण शेवट माहीत असणं वेगळं आणि त्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या हातात नेमकं काय होतं हे माहीत असणं वेगळं. ही कमिटी दुसऱ्या गोष्टीवर चालते.

ज्यांना फॉरमॅटच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जनरल असेंब्लीत तुम्ही एखाद्या देशाकडून बोलता, दोन दिवस चर्चा करता आणि शेवटी रिझोल्यूशन पास होतं. क्रायसिसमध्ये तुम्ही एक माणूस असता, त्या माणसाचे अधिकार, पैसा, फौज, ओळखी, भांडणं सगळं तुमचं, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. कमिटी छोटी असते, साधारण पंधरा-पंचवीस जणांची. समोर चेअर असतो आणि बाजूच्या खोलीत बॅकरूम, जी तुमच्या चिठ्ठ्या वाचून उत्तरं देते आणि दर थोड्या वेळाने येऊन बाहेरच्या जगात काय घडलं ते सांगते. तुम्ही दोन प्रकारे गोष्टी घडवता, एक म्हणजे सगळ्यांसमोर मांडून मतदानाने पास केलेलं डिरेक्टिव्ह, आणि दुसरं म्हणजे फक्त बॅकरूमला जाणारी खाजगी नोट. बाकी मॉड (एका विषयावर पाळीपाळीने बोलणं), अनमॉड (जागा सोडून मोकळी चर्चा), मोशन (तशी चर्चा मागणं) हे नेहमीसारखंच, ते पहिल्या अर्ध्या तासात अंगवळणी पडतं, त्याचं टेन्शन घेऊ नका.

सगळ्यात आधी तारीख बघा

बॅकग्राउंड गाइड हातात आलं की पहिलं काम म्हणजे फ्रीझ डेट शोधून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. फ्रीझ डेट म्हणजे जिथपर्यंत खरा इतिहास घडलाय असं धरायचं ती तारीख, त्यानंतरचं सगळं कमिटी घडवणार. हे सगळे वाचतात पण मनावर घेत नाहीत.

एक उदाहरण देतो. १९६२ सालची भारताची कॅबिनेट हा आपल्याकडे आवडता विषय आहे आणि मराठी मुलांना त्यात यशवंतराव चव्हाण हवे असतात, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य घराघरात ऐकलेलं असतं. पण चीनने हल्ला केला २० ऑक्टोबरला, तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते, त्यांच्याकडून खातं गेलं ऑक्टोबरच्या शेवटी आणि मंत्रिमंडळातून ते बाहेर पडले नोव्हेंबरमध्ये. यशवंतराव दिल्लीला जाऊन शपथ घेतात तोपर्यंत २१ नोव्हेंबर उजाडतो, म्हणजे ज्या दिवशी चीनचा एकतर्फी युद्धविराम लागू झाला तोच दिवस. आता फ्रीझ डेट २५ ऑक्टोबर असेल तर यशवंतराव मुंबईत मुख्यमंत्री आहेत. तुमची अर्धी तयारी तिथेच वाया गेली.

दुसरं उदाहरण क्युबन मिसाइल क्रायसिसचं, जी कमिटी जगभर सगळ्यात जास्त वेळा खेळली गेली असेल, आणि गंमत म्हणजे तीही त्याच आठवड्यांत, १६ ते २८ ऑक्टोबर १९६२. तिथे केनेडीच्या टेबलावर बसलेला कोणीतरी हमखास लिहितो की हॉटलाइनवरून ख्रुश्चेव्हला फोन लावा. ती हॉटलाइन १९६३ मध्ये आली, आणि आली ती मुळात ऑक्टोबर ६२ मध्ये निरोप पोचायला तास न् तास लागले म्हणूनच! शिवाय ती सुरुवातीला फोन नव्हतीच, टेलिप्रिंटरची लाइन होती. तसंच क्युबात तेव्हा छोटी अण्वस्त्रं आधीच पोचली होती हे अमेरिकेला कित्येक वर्षांनी कळलं, म्हणजे त्या खोलीतल्या माणसाला ते माहीत असणं शक्यच नाही. बॅकरूमला अशा नोट्स लगेच दिसतात आणि त्या तशाच परत येतात.

म्हणून मी दोन याद्या करायला सांगतो, एक माझ्या माणसाला त्या तारखेला काय माहीत होतं आणि दुसरी त्याला काय कळायला मार्ग नव्हता. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, कारण ती माहिती मिळवणं हेच तुमच्या पहिल्या दोन-तीन नोट्सचं काम असतं.

पानिपतच्या छावणीत बसून बघूया

आता समजा कमिटी आहे सदाशिवरावभाऊंची छावणी आणि फ्रीझ डेट २६ ऑक्टोबर १७६०. हा विषय मला फार जवळचा आहे आणि क्रायसिससाठी याच्याइतका चांगला विषय मराठी मुलांना सापडणार नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याला पानिपत माहितीये, आणि जे माहीत असतं ते सगळं १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाचं असतं. त्याच्या आधीचे अडीच महिने कोणी वाचत नाही आणि कमिटी खेळली जाते ती त्या अडीच महिन्यांत.

परिस्थिती काय आहे बघा. भाऊ मार्चमध्ये परतूरहून निघाले, ऑगस्टमध्ये दिल्ली हातात आली, मध्ये पावसाळा आणि यमुनेला पूर. पैसा इतका कमी की दिल्लीच्या किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत वितळवावं लागलं. सूरजमल जाट साथ सोडून गेलाय, अवधचा नवाब शुजाउद्दौला जुलैमध्येच अब्दालीला जाऊन मिळालाय. नुकतंच १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतलंय, तिथे धान्य आणि पैसा मिळालाय, छावणीत उत्साह आहे. आणि नेमकं तेव्हाच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे येतोय. बागपत दिल्लीच्या उत्तरेला आणि पानिपतच्या दक्षिणेला, नकाशा उघडून बघितलं की पोटात खड्डा पडतो, कारण म्हणजे तो आता तुमच्या आणि दिल्लीच्या मध्ये आहे.

या दिवशी यमुनेपलीकडे अब्दालीची रसद अडवू शकणारे गोविंदपंत बुंदेले जिवंत आहेत, भाऊंच्या छावणीतले सरदार बळवंतराव मेहेंदळे जिवंत आहेत. दोघंही डिसेंबरमध्ये जाणार आहेत पण ते तुम्हाला माहीत नाही. पटियाळ्याच्या आला सिंगाकडून धान्य येण्याची वाट उघडी आहे. दिल्ली सांभाळायला मराठ्यांचा नारो शंकर तिथे बसलाय. नानासाहेब दख्खनमध्ये, त्यांना पत्र लिहून उत्तर हातात पडेपर्यंत कित्येक आठवडे जाणार. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-मुलं जास्त, आणि सगळ्यांना रोज खायला लागतं, जनावरांना वैरण लागते.

म्हणजे या कमिटीचा खरा विषय अन्न आणि वाट हा आहे. तोफा आणि तलवारी नंतर येतात. मी बॅकरूममध्ये असताना छावणीत धान्य किती दिवसांचं उरलंय याची एक वही ठेवली होती आणि प्रत्येक अपडेटला आकडा खाली आणत होतो. तिसऱ्या सेशनला एका मुलीने विचारलं की आज धान्य किती दिवसांचं आहे, तोपर्यंत एकानेही विचारलं नव्हतं. तिच्याकडे तोफखाना नव्हता, मोठं पथक नव्हतं, पण त्यानंतर सगळी कमिटी तिच्या भोवती फिरली कारण कोणत्याही योजनेला किती दिवस हातात आहेत हे तिलाच सांगता येत होतं.

छोटा पोर्टफोलिओ मिळाला तर

भाऊ, मल्हारराव, इब्राहिमखान गारदी ही नावं मिळाली नाहीत की लोक नाराज होतात. खरं तर मोठ्या नावांवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि त्यांना खाजगी काही करायला जागाच राहत नाही. अंताजी माणकेश्वर मिळाला तर मी खूश होईन. हा माणूस दिल्लीत बरीच वर्षं पेशव्यांच्या बाजूने राहिलेला, दरबारातले वकील, सावकार, आजूबाजूचे जमीनदार, कोण कोणाला विकला गेलाय हे त्याला माहीत असणार. पथक मोठं नाही, पण ओळखी आहेत, आणि क्रायसिसमध्ये ओळखी म्हणजे माहिती, माहिती म्हणजे वेळ.

नाना फडणीसही त्या छावणीत होते, विशीसुद्धा गाठली नव्हती, आणि त्यांचं पुढचं सगळं कर्तृत्व लोक पहिल्या दिवसापासून वापरायला जातात. तसं नाही चालत. ते १७६० मधले नाना आहेत, तरुण कारकून घराण्यातला मुलगा, त्यांच्याकडे लेखणी आहे आणि वडिलांच्या घराण्याचं नाव आहे, तेवढ्यावर खेळायचं.

मग आर्क ठरवा. आर्क म्हणजे तुमच्या खाजगी नोट्सची एक सलग गोष्ट, जिचं टोक एका ठिकाणी जातं. अंताजीसाठी मी टोक असं धरेन की दिल्लीची वाट बंद झाली तरी छावणीला उपाशी राहू द्यायचं नाही आणि त्या बदल्यात मोहीम संपल्यावर दिल्लीचा कारभार माझ्या हातात. बघा, यात छावणीचंही भलं आहे आणि माझंही, असं दोन्ही असलं की बॅकरूमला तुमच्या माणसावर विश्वास बसतो. नुसतं सगळ्यांना मारून मी छत्रपती होणार असं लिहिलं की दुसऱ्या नोटनंतर कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि घेऊही नये.

पहिली नोट आला सिंगाला. त्यात पत्र कोण घेऊन जाणार, कोणत्या वाटेने, किती धान्य मागायचं, बदल्यात काय द्यायचं (रोख आहे का, नसेल तर हुंडी कोणावर, नाहीतर जमीन-महसुलाचं वचन देण्याचा तुम्हाला अधिकार आहे का), आणि पत्र पकडलं गेलं तर काय, हे सगळं आलं पाहिजे. दुसरी नोट नारो शंकरला, की खजिना पाठवायचाच असेल तर मोठ्या तुकडीने एकदम पाठवू नकोस, थोडा थोडा, वाटाड्या ओळखीचा घे. खऱ्या इतिहासात जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून पैसा घेऊन निघालेली माणसं रात्री वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली होती. तुम्ही ते भविष्य वापरत नाहीये, अंधारात शत्रूच्या बगलेतून पैसा न्यायचा तर काळजी घ्यावी हे त्या काळच्या कोणत्याही शहाण्या माणसाला सुचलंच असतं. हा फरक नीट समजून घ्या, निकाल माहीत आहे म्हणून करणं आणि धोका दिसतोय म्हणून करणं.

तिसरी नोट हेरांची. आणि पत्राची भाषा! त्या काळी सावकारी पत्रात मोती गळाले, मोहरा हरवल्या असं लिहून माणसं गेल्याची बातमी पाठवली जायची, पानिपतची बातमी नानासाहेबांना तशाच पत्रातून कळली असं आपण शाळेपासून ऐकतो. तुमच्या नोटमध्ये आधीच एखादी सांकेतिक भाषा ठरवून ठेवलीत तर पुढे दुसऱ्या डेलिगेटने तुमचा जासूद पकडला तरी तुमचं गुपित वाचतं. बॅकरूमला असल्या तपशिलांनी फार आनंद होतो, मी स्वतः अशा नोट्सना जरा जास्तच उदार उत्तर दिलंय.

डिरेक्टिव्ह लिहिताना

सगळ्यात जास्त वेळा आलेलं डिरेक्टिव्ह, शब्दशः: अब्दालीची रसद तोडण्यात यावी. बस. हे वाचून बॅकरूमने काय करायचं? कोणी तोडायची, कुठे, किती माणसांनी, खाणार काय? आपण मनात सगळं ठरवलेलं असतं पण कागदावर उतरत नाही, आणि जे कागदावर नाही ते बॅकरूम स्वतःच्या मनाने भरते, बहुतेक वेळा तुमच्या विरोधात.

त्याच दिवसाचं चांगलं डिरेक्टिव्ह असं काहीतरी असेल. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी आपल्या पथकातले दोन हजार स्वार घेऊन आज रात्री निघावं, सोबत तोफा नाहीत, बुणगे नाहीत, प्रत्येकाकडे दोन दिवसांचे चणे आणि घोड्याला दाणा. बागपतच्या उताराला शत्रूची फौज अजून नदीत असेल तर अलीकडे आलेल्या तुकडीवर पहाटे हल्ला करावा, मोठी लढाई अंगावर घेऊ नये. शत्रू पूर्ण उतरलेला असेल तर हात न लावता फक्त संख्या, तोफा आणि तळाची जागा बघून माघारी यावं. दर चार तासांनी दोन वेगवेगळ्या वाटांनी दोन स्वार बातमी घेऊन पाठवावेत. बातमी येईपर्यंत मुख्य छावणी हलणार नाही. किती लांब झालं? पाच वाक्यं, पण यात कोण, किती, कधी, कशाने, आणि योजना फसली तर काय, हे सगळं आलं. फसलं तर काय हा भाग कधीच सोडू नका, निम्म्याहून जास्त डिरेक्टिव्ह तिथेच मार खातात.

आणि अंतराचा हिशोब करा. पानिपत ते दिल्ली साधारण नव्वद किलोमीटर, पानिपत ते पुणे दीड हजार. जड तोफा आणि बुणगे बरोबर असले तर फौज सरकते, धावत नाही. चेअरला पहिल्याच सेशनला विचारून घ्या की एका सेशनमध्ये किती दिवस जातात. एका कमिटीत हे न विचारता मी दख्खनमधून मदत मागवली होती आणि ती येईपर्यंत कमिटी संपली, त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण त्या एका पत्रावर मी माझ्या सगळ्या नोट्स उभ्या केल्या होत्या.

खोलीत बोलताना

भाषणात इतिहास सांगू नका, सगळ्यांनी तेच गाइड वाचलंय. भांडण मांडा. पानिपतच्या छावणीत खरं भांडण होतंच, इब्राहिमखानाला तोफखान्याच्या आधाराने गोल करून (बुणगे मध्ये आणि फौज चहूबाजूंनी) लढायचं होतं, मल्हाररावांसारख्या जुन्या सरदारांचा जीव गनिमी काव्यात होता, आणि दोन्ही बाजूंना खरंच मुद्दा आहे. एवढे बुणगे सोबत असताना गनिमी कावा कसा करणार, आणि गोल करायचा तर सगळ्या सरदारांनी शिस्त पाळली पाहिजे, ती पाळतील का. यावर एक मॉड मागा आणि तुमच्या माणसाच्या स्वभावाने बोला. मल्हारराव असाल तर अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबखान, त्याच्याशी तुमचे जुने संबंध आहेत हे समोरचे काढणारच, उत्तर तयार ठेवा. जनकोजी शिंदे असाल तर तुमचा काका दत्ताजी जानेवारीत बुराडी घाटावर पडलाय, वर्षही झालं नाही, नजीबाशी तह हा शब्द तुमच्या तोंडून सहज निघणार नाही.

फक्त खाजगी नोट्स लिहीत कोपऱ्यात बसू नका, आणि फक्त भाषणंही करू नका. साधारण एक नोट पाठवली की एकदा तरी बोलायचं असं मी ठेवतो. दुसऱ्यांच्या डिरेक्टिव्हला सही देताना आपला एक मुद्दा त्यात घालून घ्या, त्यातूनच दोस्त तयार होतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीये. पानिपतच्या कमिटीला हिंदू विरुद्ध मुसलमान अशी घोषणाबाजी करू नका. भाऊंचा सगळ्यात भरवशाचा तोफखाना इब्राहिमखानाकडे होता आणि तो शेवटपर्यंत लढला, बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर आपल्याकडून लढला, आणि पलीकडे शुजाच्या फौजेत अनूपगिरी गोसावी आपले नागा घेऊन उभा होता. ज्याला हे माहीत आहे तो शुजाला फोडायचे दहा मार्ग शोधेल, कारण शुजामार्फत तहाची बोलणी खरंच चालू होती. ज्याला माहीत नाही तो नुसता ओरडेल. तसंच, लढाईनंतर बायका-मुलांचं जे झालं ते फार भयंकर होतं, त्यावर चटकदार नोट्स लिहू नयेत. ईबीने (एक्झिक्युटिव्ह बोर्ड, म्हणजे कमिटी चालवणारी मंडळी) पहिल्या दिवशीच हे स्पष्ट सांगून टाकावं.

बॅकरूमवाल्यांसाठी थोडं

तुमचा शेवट आधी लिहून ठेवू नका. १४ जानेवारीला लढाई झालीच पाहिजे असा हट्ट धरून डेलिगेट्सची प्रत्येक चांगली योजना पाडली तर तिसऱ्या सेशनपर्यंत खोलीतला जीव जातो. कोणी कुंजपुऱ्याहून थेट पटियाळ्याकडे सरकायचं ठरवलं तर सरकू द्या, पण त्याची किंमत लावा, थंडी, वाट, मागे राहिलेले बुणगे, अब्दालीचा पाठलाग. उत्तर देताना पूर्ण हो किंवा पूर्ण नाही कमी द्या, धान्य आलं पण निम्मंच, जासूद पोचला पण तीन दिवस उशिरा, असं द्या. आणि दर अपडेटला निदान दोन-तीन डेलिगेट्सच्या नोट्सचा परिणाम सगळ्यांना दिसला पाहिजे, नाव न घेता. नोटला उत्तर मिळायला दीड तास लागत असेल तर माणसं कमी पडतायत, कॉन्फरन्सच्या आधीच सेक्रेटरिएटकडे (आयोजकांकडे) भांडून माणसं वाढवून घ्या.

अब्दालीही माणूस आहे हे विसरू नका. त्याची फौज घरापासून लांब, थंडी वाढतेय, गोविंदपंतांनी पलीकडे त्याचं धान्य अडवलं तेव्हा तिकडेही हाल झाले होते. त्याची पण एक धान्याची वही ठेवा.

आदल्या रात्री

दोन लेटरपॅड घ्या, एक बॅकरूमकडे असताना दुसऱ्यावर लिहिता येतं. तीन पेनं. गाइडची प्रिंट, ज्यावर फ्रीझ डेट लाल पेनाने लिहिलीये. आणि हाताने काढलेला एक नकाशा, वर कुंजपुरा, खाली दिल्ली, मध्ये पानिपत, सोनपत आणि बागपत, उजवीकडून यमुना, डावीकडे वर पटियाळा, प्रत्येक दोन ठिकाणांमधलं अंतर किलोमीटर आणि कोस दोन्हींत. हा नकाशा छापील नको, स्वतः काढा, कारण काढताना ती अंतरं डोक्यात बसतात आणि अपडेट आला की नदी नक्की कोणत्या बाजूला आहे ते शोधत बसावं लागत नाही. पहिल्या दोन नोट्स रात्रीच कच्च्या लिहून ठेवा, सकाळी रोल कॉल चालू असतानाच त्या आत गेल्या पाहिजेत, कारण पहिल्या अर्ध्या तासात बॅकरूमकडे वेळ असतो आणि तेव्हा आलेली नोट ते नीट, पूर्ण वाचतात.